पितळेवर अक्षर कोरताना

ग्रामपंचायत कार्यालयात सरपंचांच्या टेबलावर ठेवलेली नावाची पाटी, शाळेच्या व्हरांड्यातील देणगीदारांची पितळी पट्टिका, नळयोजनेच्या पंपघरात विजेच्या पॅनेलवर लावलेल्या ‘चालू’ व ‘बंद’ अशा लहान पट्ट्या, क्रीडास्पर्धेच्या ढालीवरील विजेत्या संघाचे नाव या वस्तू रोजच्या पाहण्यातील आहेत. त्या कोणी आणि कशा घडविल्या, याचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही. रंगाने लिहिलेली पाटी काही पावसाळ्यांत फिकी पडते. कोरलेले अक्षर मात्र माणसाचा कार्यकाल आणि पुष्कळदा त्याचे आयुष्यही ओलांडून टिकते. अक्षर चुकले तर चूकही तितकीच टिकते. कोरीव अक्षराच्या कामाचे महत्त्व आणि त्यातील जोखीम या एकाच गोष्टीत सामावलेली आहे.

हे काम आजही पुष्कळ ठिकाणी लहान दुकानांतून होते. जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी बाजारपेठेत एक अरुंद गाळा, दर्शनी काचेच्या कपाटात ढाली व स्मृतिचिन्हे, एका बाजूस रबरी शिक्क्यांचा पसारा आणि खिडकीजवळच्या भक्कम टेबलावर कोरणीचे यंत्र असे त्याचे स्वरूप असते. दुकानात बहुधा मालक आणि एखादा शिकाऊ मुलगा किंवा मुलगी एवढीच माणसे. या शिकाऊ हाताला नेमके काय शिकावे लागते, हे समजून घेणे पाट्या तयार करून घेणाऱ्या कार्यालयांनाही उपयोगाचे आहे.

महाराष्ट्रात नाव कोरण्याची ओळख घरोघरी होते ती भांड्यांवरून. लग्नातील आहेराच्या ताटा-तांब्यावर देणाऱ्याचे नाव घालून देण्याची रीत जुनी आहे. पूर्वी हे नाव छिन्नीच्या बारीक ठोक्यांनी उमटविले जाई. पुढे त्या जागी विजेवर थरथरणारी हातातील लेखणी आली. हे दोन्ही प्रकार मुक्तहस्ताचे होत. कारागिराचे हस्ताक्षर चांगले असेल तर नाव चांगले. पाटीवरील अक्षराला हे चालत नाही. दहा पाट्यांवरील ‘क’ एकसारखा असावा लागतो, ओळ सरळ असावी लागते आणि चर सर्वत्र सारख्या खोलीची असावी लागते. त्यासाठी पॅन्टोग्राफ पद्धतीचे यंत्र वापरतात. त्याला हातयंत्र म्हटले जाते, तरी त्यातील कटर फिरविण्यास लहान विजेची मोटार असते. कटरने कोठे जावयाचे, कोठे उतरावयाचे आणि कोठे थांबावयाचे, हे मात्र सर्वस्वी माणसाचा हात ठरवितो.

समांतरभुज चौकोनाची किमया

या यंत्राचे मूळ तत्त्व चारशे वर्षांहून जुने आहे. क्रिस्टॉफ शायनर या जर्मन जेझुइट विद्वानाने १६०३ मध्ये चित्र लहान-मोठे करून उतरविण्याचे साधन योजिले आणि १६३१ मध्ये त्याची माहिती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. चार दांड्या खिळीने जोडून समांतरभुज चौकोन करावयाचा, एक बिंदू पक्का करावयाचा, दुसऱ्या बिंदूवर ट्रेसर म्हणजे गिरविण्याची सुई आणि तिसऱ्यावर लेखणी बसवावयाची. हे तिन्ही बिंदू एका सरळ रेषेत राहिले की सुई जे गिरवील त्याचीच लहान प्रत लेखणी काढते. शाळेत शिकविल्या जाणाऱ्या समरूप त्रिकोणांचा याहून चांगला पाठ क्वचितच सापडेल. गणिताच्या शिक्षकांनी एकदा विद्यार्थ्यांना घेऊन असे दुकान अवश्य पाहावे.

लेखणीच्या जागी फिरते कटर आले आणि चित्रकाराचे हे साधन कारखान्यात शिरले. अमेरिकेत विल्यम लेव्हनवर्थ यांनी १८३४ मध्ये लाकडी छपाईचे मोठे टाइप कापण्यासाठी या तत्त्वाचा उपयोग केला. लिन बॉइड बेंटन यांना १८८५ मध्ये टाइपाचे पंच कोरण्याच्या यंत्राचे पेटंट मिळाले. इंग्लंडमध्ये लिसेस्टर येथे १८८६ मध्ये सुरू झालेल्या टेलर-हॉब्सन या भिंगे करणाऱ्या कंपनीने भिंगांच्या कड्यांवरील बारीक अक्षरे व अंक कोरण्यासाठी आपले यंत्र तयार केले. ते पुढे इतर व्यवसायांतही पसरले.

दुकानातील यंत्रावर सुईच्या बाजूस खाचेची एक पट्टी असते. तीत पितळेची नमुना-अक्षरे ओळीने बसवितात. प्रत्येक नमुन्यावर अक्षराची रेषा खोल चरीच्या रूपाने कोरलेली असते आणि सुई त्या चरीतून फिरते. दुसऱ्या बाजूस टेबलावर कोरावयाची पाटी आवळलेली असते. नमुना नेहमी मोठा आणि काम लहान, यामागे व्यवहारी कारण आहे. चारास एक या प्रमाणावर काम करताना सुईचा हात एक मिलिमीटर ढळला, तर पाटीवर तो दोष पाव मिलिमीटरच उमटतो. यंत्र माणसाच्या हाताचा कंप प्रमाणात कमी करते. मजकुरातील चूक मात्र ते तिळमात्र कमी करीत नाही. नमुना चुकीचा लावला तर चुकीचे अक्षर तेवढ्याच सफाईने कोरले जाते.

पहिले धडे

शिकाऊ उमेदवारास पहिल्या दिवशी कटर हाती देणारा मालक विरळाच. प्रथम झाडलोट, मग नमुना-अक्षरांच्या पेटीची ओळख. कोणते अक्षर कोणत्या खणात आहे हे न पाहता सांगता येईपर्यंत पट्टी लावण्यास दिली जात नाही. छापखान्यातील खिळे जुळविणाऱ्याचे शिक्षणही असेच सुरू होत असे. वापरलेले अक्षर पुसून त्याच खणात परत ठेवणे ही सवय शिक्षणाचाच भाग होय. चरीत बसलेला पितळेचा एक कणही सुईला उचलतो आणि रेषेत गाठ येते.

त्यानंतर प्रमाण लावणे शिकवितात. यंत्राच्या दोन दांड्यांवर आकडे खोदलेले असतात आणि त्यांवर सरकणारे दोन ठोकळे असतात. दोन्ही ठोकळे एकाच आकड्यावर आणून आवळावयाचे असतात. एक चारावर व दुसरा साडेतीनावर राहिला, तर ते तीन बिंदू सरळ रेषेतून सुटतात आणि अक्षर तिरपे व विकृत उमटते. नवख्याला वाटते कटर बिघडले आणि तो भलतीच दुरुस्ती करीत बसतो. अनुभवी कारागीर अशा वेळी प्रथम ठोकळे पाहतो.

पुढची पायरी मध्य साधण्याची. समजा, पाटी २०० मिलिमीटर रुंद आहे आणि पट्टीवर लावलेल्या नमुना-अक्षरांची एकूण लांबी ४८० मिलिमीटर भरली. चारास एक या प्रमाणात कोरलेली ओळ १२० मिलिमीटर येईल, म्हणजे दोन्ही बाजूंस ४० मिलिमीटर जागा उरेल. हा साधा हिशेब कागदावर केल्यावाचून पाटी आवळावयाची नाही, असा चांगल्या दुकानांचा दंडक असतो. अंदाजाने सुरुवात केलेली ओळ शेवटी कडेला जाऊन आपटते आणि आडनावाचे अखेरचे अक्षर दाटीवाटीने बसवावे लागते. अशा पाट्या कार्यालयांच्या दारांवर पाहावयास मिळतात.

मग प्रत्यक्ष कोरणे. सुई चरीत ठेवावयाची, तरफ दाबून फिरते कटर पाटीवर उतरवावयाचे आणि सुई एका संथ गतीने फिरवावयाची. नवशिक्याचा पहिला दोष म्हणजे सुई दाबून धरणे. “दाबू नकोस, नुसती चालव, खोलीचं काम कटर करतंय,” हे वाक्य अशा दुकानांतून दिवसातून अनेकदा ऐकू येते. दुसरा दोष कोपऱ्यात रेंगाळण्याचा. जेथे रेषा वळते तेथे हात थबकला की कटर त्याच जागी घासत राहते आणि चर रुंदावते. तिसरा दोष घाईचा असून तो पहिल्या महिन्यानंतर, थोडा आत्मविश्वास आल्यावर दिसू लागतो. खोली एकाच फेरीत गाठण्याचा मोह टाळून प्रथम हलकी फेरी, नंतर पूर्ण खोलीची फेरी अशी शिस्त लावून घ्यावी लागते. हलक्या फेरीत काही वावगे दिसले तर पितळी पाटी घासून वाचविता येते. पूर्ण खोलीनंतर तो मार्ग उरत नाही.

धातूधातूंचा स्वभाव निराळा असतो. पितळ हे शिकणाऱ्याचे मित्र आहे. त्याचा कीस सुटा पडतो आणि चरीची कड स्वच्छ निघते. ॲल्युमिनियम मऊ असल्याने सोपे वाटते, पण त्याचा कीस कटरला चिकटतो. म्हणून त्यावर रॉकेल किंवा स्पिरिटचा थेंब सोडीत काम करतात. ॲक्रिलिकवर वेग जास्त झाला तर ते कापले न जाता वितळते. स्टेनलेस स्टील फिरत्या कटरला दाद देत नाही, म्हणून त्यावर पुष्कळदा न फिरणारे हिऱ्याचे टोक ओढून बारीक रेषेचे अक्षर काढतात. विजेच्या पॅनेलच्या पट्ट्यांसाठी दोनरंगी थरांचे प्लॅस्टिक वापरतात. वरचा काळा थर कापला की खालचा पांढरा थर अक्षररूपाने उघडा पडतो आणि रंग भरावा लागत नाही. पितळी पाटीत मात्र कोरल्यानंतर चरीत रंग किंवा लाख भरून, ती वाळल्यावर पृष्ठभाग घासून, चकाकी आणून वर लॅकरचा हात द्यावा लागतो.

कटरला धार लावणे सर्वांत शेवटी शिकवितात. कोरणीचे कटर म्हणजे टोकाशी अर्धे घासलेली पोलादी सळई. ती बरोबर निम्म्यावर घासली गेली पाहिजे. निम्म्याहून अधिक धातू राहिला तर कटर कापत नाही, नुसते घासते. टोकाची रुंदी तीच अक्षराच्या रेषेची रुंदी. धार चांगली असली की कापण्याचा आवाज एकसुरी येतो, बोथट झाली की थरथर ऐकू येते. हा आवाज ओळखू लागणे म्हणजे शिक्षण अर्धे पार पडणे होय.

सुरक्षेचे नियम थोडे, पण सक्तीचे. डोळ्यांवर चष्मा हवा. बाह्या, ओढणी, पदर आणि मोकळे केस फिरत्या भागापासून दूर हवेत. हातमोजे येथे संरक्षण न ठरता धोका ठरतात, कारण कटर ते ओढून घेते. कीस तोंडाने न फुंकता ब्रशानेच झाडावयाचा.

देवनागरीची कसोटी

इथवरचे शिक्षण कोणत्याही देशातील दुकानाला लागू पडेल. मराठी पाटीचा प्रश्न यापुढे सुरू होतो. रोमन अक्षरे एकमेकांपासून सुटी असतात, म्हणून ती ओळीने लावली की शब्द तयार होतो. देवनागरीत शिरोरेषा सलग हवी. दोन नमुन्यांच्या सांध्यात केसभर फट राहिली तरी पाटीवर ती तुटलेली दिसते. यासाठी अक्षरे कोरून झाल्यावर सरळ पट्टीच्या आधाराने शिरोरेषेवरून एक अखंड फेरी घेणे हा चांगला उपाय होय. वेलांट्या व मात्रा वर, उकार खाली असल्याने दोन ओळींतील अंतरही रोमनपेक्षा अधिक ठेवावे लागते. हे विसरले की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो.

मध्य काढतानाही अक्षरे मोजून भागत नाही. काना जागा घेतो, मात्रा घेत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी बसते, पण उच्चारात नंतर येते. ‘कुलकर्णी’ या आडनावात ‘र’ उच्चारला जातो ‘ण’च्या आधी, परंतु रफार चढतो तो ‘णी’च्या माथ्यावर. ‘कऱ्हाड’ लिहिताना रफार चालत नाही. ‘ऱ्ह’चे चंद्रकोरीसारखे रूप संचात नसेल तर ते वेगळे तयार करावे लागते. ‘ळ’ नसलेला संच मराठी दुकानाच्या काय कामाचा? ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठीतील रूढ रूपे हिंदी वळणाच्या संचातील रूपांहून भिन्न आहेत. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने प्रमाणित वर्णमाला ठरवून दिली असून तीत मराठीची पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ ही रूपे स्वीकारली आहेत. शासकीय पाटीचे काम घेणाऱ्या दुकानाने आपला संच त्या दृष्टीने तपासून घेणे अगत्याचे आहे.

लाखेवर उमटवावयाच्या पितळी मोहरेचे काम यापुढचे. तेथे अक्षर उलटे कोरावे लागते, तेव्हाच ठसा सुलटा येतो. पाटी यंत्रावर फिरवून लावली की अक्षर उलटेल, असा नवशिक्यांचा समज असतो. पण फिरविल्याने ते फक्त डोक्यावर उभे राहते. आरशातील प्रतिमेसारखे अक्षर हवे तर नमुनाच तसा हवा. पारदर्शक ॲक्रिलिक पाठीमागून कोरतानाही हाच नियम. या उलट्या अक्षराची परंपरा महाराष्ट्राला नवीन नाही. मिरज येथे गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयाने १८०५ मध्ये भगवद्गीता छापली गेली, ती ताम्रपत्रांवर हाताने कोरलेल्या अशाच उलट्या देवनागरीतून. तेथे प्रमाण लावण्यास यंत्र नव्हते आणि चुकलेले अक्षर सुधारण्यास फारसा वावही नव्हता.

नावाचा मान

कारागिराच्या शिक्षणाचा एक भाग यंत्राशी निगडित नाही, आणि कदाचित तोच सर्वांत अवघड आहे. ‘शिंदे’मधील अनुस्वार राहिला, ‘पाटील’चे ‘पाटिल’ झाले, ‘कै.’ हे अक्षर हयात देणगीदाराच्या नावामागे लागले, तर दोष कोणाचा? स्वातंत्र्यसैनिकांच्या किंवा वीरगती प्राप्त झालेल्या जवानांच्या नावांची पट्टिका गावात बसते तेव्हा त्या घरातील माणसे प्रथम आपल्या माणसाचे नाव शोधतात. तेथे एक वेलांटी चुकली तर कितीही सुबक कोरणी त्या घराच्या दृष्टीने व्यर्थ ठरते. अनावरण समारंभाची तारीख ठरलेली असते, पाहुणे निश्चित असतात, आणि नवी पट्टिका करण्यास वेळ नसतो. मग चुकीचे नावच भिंतीवर चढते.

अशा चुकांपैकी पुष्कळ दुकानात होत नाहीत, त्या कार्यालयातून येतात. मजकूर दूरध्वनीवरून सांगितला जातो, घाईघाईने हाती लिहिलेल्या चिठ्ठीवर दिला जातो किंवा इंग्रजी यादीवरून दुकानदारालाच मराठी करून घेण्यास सांगितले जाते. इंग्रजी लिपीतील आडनावावरून ‘त’ की ‘ट’, ‘द’ की ‘ड’, ‘न’ की ‘ण’ हे कळण्यास मार्ग नसतो. शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ मध्ये मान्य केले व १९७२ मध्ये त्यांत भर पडली, तरी व्यक्तिनामाच्या बाबतीत त्या कुटुंबाची रूढ पद्धत हाच आधार मानावा लागतो. चांगला मालक शिकाऊ हाताला म्हणूनच सांगतो, की शंका आली तर कोरू नये, विचारावे. मजकूर अक्षर-अक्षर मोठ्याने वाचावा, नंतर पट्टीवरील नमुने उलट्या दिशेने, शेवटच्या अक्षरापासून पहिल्यापर्यंत पुन्हा पाहावेत. सरळ वाचताना डोळा जे असावयास हवे तेच वाचतो. उलट वाचताना जे आहे ते दिसते.

संगणकाच्या काळात

संगणकावर चालणारी कोरणीची व लेसरची यंत्रे आल्यापासून या हातयंत्राचे काम घटले आहे, हे मान्य करावयास हवे. कोणतेही वळण, कोणतेही चित्र, शंभर पाट्यांवर शंभर निरनिराळी नावे ही कामे नवी यंत्रे थोड्या वेळात करतात. ज्याला केवळ हातयंत्रावर नवे दुकान काढावयाचे आहे, त्याला तसे न करण्याचाच सल्ला द्यावा लागेल. मात्र बाजारात ॲक्रिलिक व लाकडासाठी वापरले जाणारे कार्बन डायऑक्साइड लेसर उघड्या पितळेवर कोरू शकत नाहीत. त्यासाठी फायबर लेसर किंवा कटरचे संगणकीय यंत्र लागते आणि त्याची किंमत लहान दुकानाला जड जाते. एखादी पाटी, एखादी मोहर, जुन्या ढालीत वाढवावयाची एक ओळ अशा कामांना हातयंत्र अजून पुरे पडते. शिवाय कटरची धार, धातूचा स्वभाव, चरीची खोली व मध्याचा हिशेब ज्याला हाताने कळला, त्याला नवे यंत्र शिकणे सोपे जाते. उलट्या क्रमाने शिकणाऱ्याला पाटी का बिघडली हे बहुधा सांगता येत नाही.

प्रश्न उरतो तो या शिक्षणाच्या मान्यतेचा. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा असला, तरी २०१९ मध्ये दुरुस्त झालेल्या नियमांनी ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणे बंधनकारक केले आणि ४ ते २९ माणसांच्या आस्थापनांना ते ऐच्छिक ठेवले. मालक आणि एक मदतनीस एवढ्यावर चालणारे दुकान या चौकटीच्या बाहेरच राहते. तेथे दोन-तीन वर्षे घालवून कुशल झालेल्या हाताजवळ दाखविण्यास कागद नसतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वानुभवाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची कल्पना स्वीकारली गेली, ती अशाच कारागिरांसाठी महत्त्वाची होय. स्वतःचे दुकान काढू इच्छिणाऱ्याला कर्ज व अनुदानाच्या योजनांची माहिती जिल्हा उद्योग केंद्रात मिळते. ही केंद्रे १९७८ पासून लहान उद्योगांसाठीच उभारली गेली. मुख्याध्यापक व पंचायत सदस्यांनी आपल्या गावातील अशा तरुणांना तेथवर पोचविले, तर ते काम पाटी करून घेण्याइतकेच उपयोगाचे ठरेल.

ग्रामपंचायतीने वा शाळेने पाटीचे काम देताना मजकूर मराठीतच टंकलिखित करून द्यावा. नावे संबंधित व्यक्तीकडून अथवा कुटुंबाकडून तपासून घ्यावीत, पाटीचे माप व धातू लिहून द्यावा आणि अनावरणाच्या आधी किमान आठवडाभराचा अवधी ठेवावा. दुकानाकडून टाकाऊ ॲक्रिलिकच्या तुकड्यावर हलक्या फेरीचा नमुना मागावा. त्यावर ग्रामपंचायत अधिकाऱ्याने किंवा मुख्याध्यापकाने तारीख घालून सही करावी. तो तुकडा पाटी भिंतीवर बसेपर्यंत दुकानात राहू द्यावा.